शेवटची सोळा पानं

शनिवारी आमच्या सुभानपुऱ्याच्या मराठी वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम माझ्याकडे असतं. त्या दिवशी एक उंच मुलगा छत्री दाराशी टेकवून आत आला.

"पॉपगायक नीलयचं चरित्र आहे?"

"आहे, पण नेऊ नका. लेखकानं बिचाऱ्याला नशेत, इस्पितळात सोडून पुस्तक संपवलंय. वाचनालयाच्या त्रैमासिकातल्या परीक्षणात चांगलं झोडपलंय मी."

"अच्छा... म्हणजे तुम्ही तेजश्री." तो हसला. "मी अनिश. तो सोडून जाणारा लेखक."

माझे कान तापले. त्यानं पुस्तक शेवटाकडून चाळलं, मग पुन्हा चाळलं.

"हे दोनशे आठवर संपतंय. मी दोनशे चोवीस पानं लिहिलीत."

आमच्या प्रतीला बाइंडिंगवाल्यानं शेवटचा फर्मा लावलाच नव्हता. सोळा पानं गायब, आणि मी विद्वान बाई त्यावर निकाल देऊन मोकळी. माझंच वाक्य उचलून चौघांनी त्याला नावं ठेवली होती. त्यामुळे, त्यानं सांगितलं, प्रकाशक आता दुसरी आवृत्ती काढायला तयार नव्हता.

"रागवा तरी," मी म्हटलं.

"भेटलात तर भांडायचंच ठरवलं होतं. पण नीलयसाठी इतकं कुणी चिडलं नव्हतं हो..." त्यानं माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. "आता भांडण जमेना."

बॅगेतून स्वतःची प्रत काढून तो राहिलेली पानं मला वाचून दाखवू लागला. नीलयची बहीण त्याला डभोईला घरी नेते, तिथं तो महिनोन्‌महिने गप्प असतो... बाहेर पाऊस लागून राहिला होता. दोन पानं उरली असताना त्यानं पुस्तक मिटलं.

"उरलेलं?"

"पुढच्या शनिवारी. चालेल ने?" त्यानं गुजराती हेल काढून विचारलं.

मी माझी चूक नावानिशी लिहून काढली. आमच्या त्रैमासिकाचे संपादक दिनकरराव म्हणाले, "तेजू, हे छापलं तर तुझ्या परीक्षणावर पुढं कोण विश्वास ठेवेल?" मला परीक्षणं लिहायला फार आवडतं. रात्रभर झोप नाही लागली. सकाळी म्हटलं, छापा. अनिशलाही तसं कळवलं.

शनिवारी अनिश आला तो सोळा पानं आणि गोंद घेऊन. उरलेली दोन पानं त्यानं वाचली. नीलय बहिणीच्या ओट्यावर पहिल्यांदा गुणगुणतो, बेसूर. माझे डोळे भरून आले. मग आम्ही पानं चिकटवली. मी धरली, त्यानं गोंद लावला, बोटं उगाच एकमेकांत अडकत राहिली.

"आवृत्तीचं?" मी विचारलं.

"प्रकाशक तुमचं लिहिलेलं वाचून मग ठरवणार आहे."

"अनिश... मला तू आवडतोस."

"घाई नाही ना? गेल्या वेळसारखी?"

"नाही," मी म्हटलं. "या वेळी शेवटपर्यंत वाचलंय."