कोरी जागा

तसबिरी मढवण्यात त्याची हयात गेली होती. त्यामुळे संग्रहालयाच्या बाईंनी बारा जुनी चित्रं चौकटीत बसवायला बोलावलं, तेव्हा त्याला त्यात विशेष असं काही वाटलं नाही. दीडशे वर्षांपूर्वी कुणा गोऱ्या साहेबानं याच नदीकाठच्या वस्तीची काढलेली जलरंगातली चित्रं होती ती. पायऱ्या, गोदामं, होड्या. बाराव्या चित्रात मात्र होडीत सात उतारू रंगवलेले आणि त्यांच्या मधोमध बसलेली एक आकृती नुसतीच कोरी.

"जलरंगात पांढरं काही दाखवायचं तर कागद कोराच सोडतात," बाई म्हणाल्या. "पण इथं साहेबाला पुढे काहीतरी भरायचं असणार, ते राहून गेलं. तुम्ही हात लावू नका हं, मामा."

हात लावू नका म्हटलं की याचे हात शिवशिवायचे, हा जन्माचाच दोष! बाई जेवायला गेल्या आणि ती कोरी जागा त्याला पडलेल्या दाताच्या जागेसारखी खुपायला लागली. शेवटी त्यानं कुंचला ओला केलाच. सकाळी लेक निळी साडी नेसून निघाली होती. ती पलीकडच्या शाळेत शिकवायची, रोज होडीनं जायची.

"काय मास्तरीणबाई, आज एवढा थाट?" त्यानं चिडवलं होतं.

"पुरे हं, बाबा! अर्धीच शाळा आहे, दुपारी येतेच," म्हणत ती हसत बाहेर पडली होती.

तोच निळा त्यानं भरला. खांद्याला तिची लाल पिशवीही दिली. काम झाल्यावर मात्र तो भानावर आला. बाईंनी पाहिलं तर आपली धडगत नाही! घाईघाईनं ओल्या कापसानं रंग टिपायला गेला, तर कापूस पांढराच राहिला. रंग कधीचा वाळला होता. शेजारच्या उतारूंवर होते तसेच जुनाट तपकिरी डाग त्या निळ्यावरही पडले होते...

बाई आल्या तेव्हा त्यानं कान पकडून कबुली दिली.

"काहीतरीच काय, मामा? ही पिशवीवाली तर पहिल्यापासून आहे."

"पण... सकाळी तुम्हीच म्हणालात, कोरी..."

"मी?"

तो होता तसा नदीकडे धावत सुटला. काठाला नावाडी होडी धूत होता.

"माझी लेक... आली का रे?"

"बसली होती की, काका. मधल्या फळीवर. आठ जण घेतले मी पलीकडून." नावाडी अडखळला. "उतरले सातच. मघापासून मोजतोय... पाण्यात कुणी पडलं नाही हो. आवाजसुद्धा नाही झाला."

म्हातारा होडीत वाकला. धुतलेली होडी सगळी ओलीचिंब होती. मधल्या फळीवर एक माणूस बसेल एवढी जागा तेवढी कोरडी होती. त्यानं तिकडे हात नेला, आणि बाईंचे शब्द आठवून मागे घेतला.

नावाड्यानं तिथं बादली उपडी केली. पाणी त्या जागेच्या कडेकडेनं वाहून गेलं.