चार वाजता, कॅन्टीनमध्ये

"आपटून चालू होतं का ते?"

मी कॅन्टीनच्या टेबलावर माझा कॉम्प्युटर आपटत होते, तेव्हा मागून हा आवाज आला. कॉम्प्युटर म्हणजे तळहाताएवढा. वर चिमुकला पडदा, खाली बटणं, आत लिनक्स ही प्रणाली. माझा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट. शेतातल्या ओलाव्याचे आकडे वायफायवरून त्यावर यायचे. यायचे कसले... दर पाच मिनिटांनी वायफाय तुटायचं! पुढच्या सोमवारी बाहेरचे परीक्षक येणार होते. त्यांच्यासमोर तुटलं की माझं वर्ष गेलं.

"तुला येतं का नीट करता?" मी फणकारले.

"बघू तर दे. लई तापू नको."

तो निवृत्ती. बिलोलीचा, कॉम्प्युटर शाखेचा. त्यानं मशीन हातात घेतलं, पडद्यावर बराच वेळ काहीतरी वाचलं.

"बॅटरी वाचवायला वायफाय मधीच झोपून राहिलंय. त्याला झोपू द्यायचं न्हाई, बस."

त्यानं एक ओळ टाइप केली आणि तासभर वायफाय तुटलं नाही. मी खूश होऊन त्याला चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी मशीन चालू केलं, तर पुन्हा तेच! पुन्हा चार वाजता कॅन्टीन, पुन्हा तीच ओळ. असं आठवडाभर. नुसता वैताग! आणि खरं सांगू? पावणेचार वाजले की मी केस विंचरायला लागायचे... त्या विंचरण्याचा वैताग वेगळाच. मशीन देता-घेताना त्याची बोटं लागायची आणि तो उगाच कीबोर्डवरची धूळ फुंकायचा.

शुक्रवारी चुलतबहिणीच्या साखरपुड्याला उमरीला जावं लागलं. परतले ती थेट सोमवारी, परीक्षकांसमोर. मशीन चालू केलं. दोन मिनिटांत वायफाय गेलं. पण निवृत्तीची ती ओळ रोज बघून पाठ झाली होती. ती टाइप केली आणि आकडे धडाधड आले.

"छान," परीक्षक म्हणाले. "पण मशीन बंद केलं की ही ओळ पुसली जाते. फाईलमध्ये एकदाच लिहून ठेवली की कटकट कायमची मिटते. कॉम्प्युटरच्या कुठल्याही मुलाला विचारा."

कुठल्याही मुलाला! मी तडक कॅन्टीन गाठलं.

"पंचशीला! कसं झालं?" तो उठून उभा राहिला.

"फाईलमध्ये लिहायचं असतं, हे तुला माहीत होतं?"

त्यानं मान खाली घातली. "हाव."

"मग केलं का नाहीस?"

"कायमचं केलं असतं तर... तू दुसऱ्या दिवशी कशाला आली असतीस? शुक्रवारी करून देणार होतो, शप्पथ. सातपर्यंत बसलो. तुझा नंबर मागायची पण हिंमत झाली न्हाई."

"वर्ष गेलं असतं माझं, निवृत्ती!"

"लई चुकलं माझं. पण मला... तू आवडतेस."

असा संताप आला! आणि त्या संतापातच इतका आनंद झाला, की त्याचाही राग आला.

"अरे मठ्ठ माणसा, बिघाड नसला तरी भेटता येतं! नुसतं विचारायचं असतं!"

तो हळूच म्हणाला, "उद्या... चार वाजता?"

"तीन वाजता," मी म्हणाले. "आणि मशीन हॉस्टेलवर ठेवून येणार आहे मी."