उलटा बसलेला थर्मोस्टॅट

“हात काढा! आधी तो हात काढा!”

ती त्याच्याशी बोलली ते पहिलं वाक्य हे असं. प्रेमकथेची याहून गोड सुरुवात मी ऐकली आहे, पण घडलं ते घडलं. चौकाच्या वळणावर त्याची जुनी निळी गाडी वाफ सोडत उभी, बॉनेट वर… आणि हा गृहस्थ उकळत्या रेडिएटरचं झाकण उघडायला निघालेला, तेही रुमालाने! समोरच्या गॅरेजमधून ती हातात पाना घेऊनच धावली.

“भाजून निघाला असतात. झाकणावर लिहिलंय ना, गरम असताना उघडू नका?”

“लिहिलंय. पण ‘असताना’नंतर स्वल्पविराम हवा की नको… त्यातच अडकलो.”

तो छापखान्यात मुद्रितं तपासायचा. दिवसभर लोकांच्या पुस्तकांतल्या चुका शोधायच्या आणि समासात लाल खूण करायची, हे त्याचं पोट भरण्याचं साधन. त्याच्या हातून चूक सुटत नाही, म्हणून लेखक त्याला चळाचळा कापत. एकाने तर म्हणे त्याच्या धसक्याने कादंबरीच लहान केली.

आणि गाडी? आत्याने वापरून वापरून दिलेली. इतकी जुनी, की चढ लागला की आधी खोकून घ्यायची. वर तो उन्हाळाही असा, की भर दुपारी सावल्यासुद्धा घरात येऊन बसायच्या.

तिने नळी चाचपली. इंजिनाकडची बाजू चटका देत होती, रेडिएटर मात्र थंड. “थर्मोस्टॅट अडकलाय,” ती म्हणाली. “इंजिन तापलं की याने दार उघडायचं, पाणी रेडिएटरकडे सोडायचं. हा उघडतच नाहीये.”

“अबोल दिसतोय.”

“गाडी मालकावर गेली असेल,” ती म्हणाली आणि हसू लपवायला खाली वाकली.

गॅरेज तिच्या बाबांचं. त्यांचे कान असे, की तीन गल्ल्यांपलीकडच्या गाडीचा कुठला व्हॉल्व्ह रडतोय ते अंथरुणातून सांगायचे. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून आता ते खुर्चीत बसत. गॅरेज कुणाच्या हाती द्यायचं यावर घरात दोन तट होते. काकाचं म्हणणं, आपला मुलगा आहे की! बाबांनी मग लेकीला एक महिना दिला होता. महिनाभर तिने एकटीने काम करायचं. एकही गाडी त्याच तक्रारीसाठी परत आली नाही, तर गॅरेज तिचं. आली, तर चुलतभावाचं, म्हणजे दादाचं. वयाच्या अकराव्या वर्षापासून तिने इंजिनात डोकं घातलं होतं. तिला दुसरं काही नकोच होतं. महिन्याचे एकवीस दिवस निभावले होते.

तिने पाणी काढलं, दोन बोल्ट सोडले आणि जुना थर्मोस्टॅट बाहेर घेतला. मग चहाच्या स्टोव्हवर पातेल्यात पाणी ठेवून जुना आणि नवा, दोन्ही दोऱ्याला बांधून आत सोडले. हा बाबांचा शिरस्ता. पातेल्यात पास झाल्याशिवाय गाडीत बसवायचा नाही.

दोघं पातेल्यावर वाकले. पाण्याला बारीक सूर लागला… वाफ दोघांच्या कपाळांमधून वर गेली. जुना ढिम्म. नवा मात्र हळूच उघडला, चिमणीच्या पिल्लाने चोच उघडावी तसा.

“किती अंशांना?” त्याने हळू आवाजात विचारलं.

“ब्याऐंशी.”

“आणि माणसं?”

“काही काही लगेच.” तिने वर पाहिलं. “काहींना आत्याची गाडी बंद पडावी लागते.”

त्याचे कान लाल झाले. ते पाहून ती हसली… आणि त्या हसण्याच्या भरात नवा थर्मोस्टॅट खाचेत ठेवला, नवं पॅकिंग लावलं, बोल्ट आवळले. पाणी भरलं, इंजिन जेमतेम कोमट होईतो चालवलं. तो गाडी घेऊन गेला तेव्हा ती वळणापर्यंत बघत राहिली.

पुढचे चार दिवस तो रोज काही ना काही कारण काढून आला. एकदा आरसा हलतोय म्हणून, एकदा नुसतंच “इथून जात होतो” म्हणून. रोज घामाने निथळत. अंगावरचा सदरा पिळला असता तर बादली भरली असती… बरं, तांब्या तरी.

“याला ताप आहे की प्रेम?” बाबांनी विचारलं.

“बाबा!”

पाचव्या दिवशी ती खिडकीशी त्याच्याशी बोलायला वाकली आणि तोंडावर भट्टीची झळ आली. एवढ्या उन्हाळ्यात गाडीचा हिटर पूर्ण चालू! क्षणभर तिला कळेना. मग कळलं. हिटर चालू ठेवला की इंजिनाची उष्णता आत खेचली जाते. अशी गाडी कोण चालवतं? ज्याचं इंजिन तापतंय तो.

“मी उलटा बसवला,” ती पुटपुटली. “स्प्रिंग इंजिनाच्या बाजूला हवी. मी वर ठेवली. तुम्हाला माहीत होतं?”

“दुसऱ्या दिवशी गाडीचं पुस्तक वाचलं. पान चौसष्ट. आकृती आहे.”

“मग बोलला का नाहीत? चुका दाखवायचा तर धंदा तुमचा!”

“बाबांची अट तुम्हीच सांगितली होती,” तो म्हणाला. “गाडी परत आली असती तर… म्हणून म्हटलं, महिना संपेपर्यंत तापूया. नऊच दिवस तर होते.”

तिला त्याला फटकावावंसं वाटलं आणि मिठीही मारावीशी वाटली. तिने यातलं काहीच केलं नाही. ती सरळ बाबांच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली.

“बाबा, निळ्या गाडीचा थर्मोस्टॅट मी उलटा बसवला.”

“गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं?”

“नाही. मीच सांगतेय.”

बाबांनी भिंतीवरच्या हत्यारांकडे बोट केलं. “आठ दिवस हत्याराला हात लावायचा नाही. उद्यापासून दादा बसेल. ही गाडीही तोच करेल.”

“नाही करणार,” मागून आवाज आला. दचकले सगळेच; सर्वांत जास्त तो स्वतः. “म्हणजे… गाडी इथेच राहू दे. आठ दिवसांनी त्याच करतील.”

“छापखाना दोन कोस लांब आहे, साहेब!”

“चालत जाईन.”

तो खरंच चालत निघाला. आणि हाताला काम नसलेली मुलगी घरी बसून काय करणार? ती बरोबर निघाली. सकाळी सोडायला, संध्याकाळी आणायला. तो वाटेतल्या पाट्यांमधल्या चुका दाखवायचा, ती वाटेतल्या गाड्यांचे आजार. “गॅरेज गेलं तर काय कराल?” त्याने तिसऱ्या दिवशी विचारलं. ती नुसती झपझप चालू लागली. त्याने पुन्हा विचारलं नाही… फक्त तिला सावलीची बाजू देऊन स्वतः उन्हाच्या बाजूने चालायला लागला.

इकडे दादाकडच्या आठ दिवसांत तीन गाड्या परत आल्या. दर वेळी दादा म्हणे, “गिऱ्हाइकानेच बिघडवली.” बाबा खुर्चीत बसून ऐकत होते. त्यांचे कान कसे होते ते सांगितलंच आहे.

नवव्या दिवशी सकाळी त्यांनी शटरची किल्ली तिच्या हातावर ठेवली. “दादाची चूक मला गिऱ्हाइकाकडून कळते,” ते म्हणाले, “तुझी तुझ्याकडून कळली. काकाला मी सांगतो काय ते. जा, कामाला लाग.”

संध्याकाळी तो गाडी न्यायला आला, धुतलेल्या सदऱ्यात, भलताच गंभीर. बाबांसमोर उभा राहून त्याने घसा साफ केला.

“मला… एक विचारायचं होतं तुम्हाला. म्हणजे तुमच्या मुलीला… म्हणजे तिच्याबद्दल…”

“मला काय विचारता?” बाबा वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाले. “मालकीणबाई आत आहेत.”

तो आत गेला. ती निळ्या गाडीवर वाकली होती. इंजिन चालू, रेडिएटरचं तोंड उघडं, पाण्यात बुडबुडे. त्याने विचारलं, एका दमात, एकही चूक न करता.

तिने मान वर केली नाही. “थांबा जरा. पाण्यात अडकलेली हवा निघतेय. मध्ये बोललं की माझा हात चुकतो, माहितेय ना?”

तो थांबला. बुडबुडे कमी झाले… मग एक… मग एकही नाही. तिने झाकण घट्ट बसवलं, पुसलं, पुन्हा एकदा तपासलं.

“हो,” ती म्हणाली.