पेशींची दाटी

नांदेडच्या प्रयोगशाळेत नवं कुणी शिकायला आलं की सिंधू पहिल्याच दिवशी सुनावून टाकी, "पेशींना जागा द्या, अन्न द्या, शहाण्यासारख्या वागतात. शेजारणीला टेकल्या की वाढायच्या थांबतात. कोंबून ठेवल्या की मात्र एखादी बिथरते, बाकीच्यांच्या डोक्यावर चढते आणि ढीग करते. कॅन्सरची सुरुवात अशी होते." तिच्या विरळ ठेवलेल्या डिशमध्ये आजवर एकही ढीग उठला नव्हता. याचा तिला गर्व होता आणि तो ती लपवतही नसे.

दर तीस सप्टेंबरला ती रजा घेई. भूकंपात पडलेल्या औशाकडच्या आपल्या जुन्या गावठाणावर पहाटे दिवे लावायला जाई. त्या वर्षी भाऊ बजरंगच्या सोयाबीनच्या काढणीत ती आणखी काही दिवस अडकली. प्रयोगशाळेतल्या मोहसीनला तिनं फोनवर बजावलं, अन्न बदलत राहा. पेशी काढून नव्या डिशमध्ये विरळ करायच्या, हे सांगायचं राहून गेलं.

परतल्यावर डिश गच्च भरलेली.

"मॅडम, तुम्ही अन्नच म्हणल्या व्हत्या," मोहसीन म्हणाला.

हसू आवरून तिनं डिशला निळा रंग दिला, धुतली आणि उजेडात धरली. फिक्या थरावर गडद ढीग उठले होते. त्यात नवल नव्हतं. नवल त्यांच्या मांडणीचं होतं. वेशीपासून पाराकडं वळणारी गल्ली, दोन्ही अंगांना ढीग आणि डावीकडं मध्येच एक मोकळी जागा.

दिवाळीला बजरंग आला तेव्हा तिनं त्याला फोटो दाखवला. कशाचा ते सांगितलं नाही. त्यानं तो हात लांब करून बराच वेळ पाहिला.

"ही आपली गल्ली हाय की. ज्या ज्या घरातली माणसं गेली, तिथं तिथं ढीग हाय. आपल्या घरावर तेवढा न्हाई."

भूकंपाच्या रात्री गणपती बोळवून त्यांचं सगळं घर खळ्यावर झोपलं होतं, म्हणून वाचलं होतं.

"योगायोग असंल, दादा."

"असंल," तो म्हणाला आणि फोटो पालथा ठेवला.

योगायोग पुन्हा होत नसतो. सिंधूनं मुद्दाम दुसरी डिश गच्च होऊ दिली. या खेपेला गल्ली नव्हती. लांब बोळ, दोन्हीकडं चौकोनी खोल्या. आणि एकच ढीग, डावीकडच्या शेवटच्या खोलीत, खिडकीखाली.

तिनं ती लगेच ओळखली. ती खोली लातूरच्या एका होस्टेलातली होती. बजरंगची लेक सृष्टी तिथं सहा मुलींत राहून डॉक्टरकीच्या क्लासला जात होती. खिडकीखालच्या कॉटवर गादी सिंधूनंच अंथरून दिली होती. सृष्टी म्हणजे तिचा जीव की प्राण. सिंधू मिळेल त्या एसटीनं निघाली. वाटेत चाकूरला गाडी थांबली, तेव्हा खाली उतरून चहा घ्यायचंही तिला सुचलं नाही.

"आत्या, उद्या टेस्ट हाय माझी!"

"टेस्ट नांदेडात दे. पेटी भर."

मागं होस्टेलात काहीच घडलं नाही. सिंधूच्या भाड्याच्या दोन खोल्यांतली आतली खोली सृष्टीला एकटीला मिळाली. वारा, उजेड, वेळेवर जेवण. पोरीचे गाल भरले. वेड्यासारखं काही मानायला लागू नये, म्हणून सिंधूनं स्वतःशी एवढंच कबूल केलं, की दाटी वाईट आणि दाटी तिनं मोडली होती. तिला गाढ झोप लागू लागली.

एका रविवारी ती सृष्टीला प्रयोगशाळा दाखवायला घेऊन गेली. फोटोंबद्दल तिला अवाक्षर बोललेली नव्हती. टेबलावर रंगवून वाळत ठेवलेल्या डिश होत्या. त्या सिंधूनं अजून पाहिल्या नव्हत्या.

सृष्टीनं एक उचलली. उजेडाकडं धरली. हसली.

"आत्या, हे तर आपलं घर हाय."

सिंधू वळली.

"हे बघ ना, दार. हा ओटा. ही आतली खोली." तिचं बोट काचेवर सरकलं आणि थांबलं. "पर इथं हा ढीग कशाचा? इथं तर मी झोपते."

सिंधूनं डिश तिच्या हातातून अलगद काढून घेतली आणि झाकण पाहिलं.

झाकणावर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, विरळ.