मानाची लस

भोरकडी गावात माणसं दोन हजार आणि लशीच्या मात्रा आल्या चाळीस. आता सांगा, पहिली सुई कोणाला टोचायची?

"जो सर्वांत आजारी त्याला," असं म्हणत असाल तर चुकलात. लस म्हणजे औषध नव्हे, ती आजार येण्याआधी घ्यायची असते. मग सर्वांत म्हाताऱ्या माणसाला? लहान बाळांना? शिक्षकांना? अवघड आहे ना? भोरकडीच्या मोठ्या माणसांनी मात्र हे कोडं एका बैठकीत सोडवलं आणि वर स्वतःची पाठही थोपटून घेतली. ते कसं सोडवलं हे सांगताना अजून राग येतो, पण सांगायलाच हवं.

त्या वर्षी घुमरी नावाच्या तापाने जगाला पछाडलं होतं. ताप आला की डोक्यात भुंगा शिरल्यासारखं घुमायचं, म्हणून लोकांनीच ते नाव ठेवलेलं. तरुण माणसं बहुधा बरी व्हायची, पण छाती कायमची अधू होऊन बसायची. म्हाताऱ्यांचं काही खरं नसायचं. घुमरीचा विषाणू (डोळ्यांना न दिसणारा, दुसऱ्याच्या शरीरात शिरल्याशिवाय वाढू न शकणारा कण) श्वासातून पसरायचा. शाळा बंद, बाजार बंद, एसटी बंद. लागेल ते सामान ड्रोन आणून टाकायचे.

गावच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर नव्हते, ते तालुक्याहून पडद्यावर दिसायचे. बाकी सगळं काम एक यंत्रमानव करायचा. सरकारने त्याला भारदस्त नाव दिलं होतं. पण तो होता चौकोनी, चाकांवर फिरायचा आणि पोटाचं झाकण उघडून गोळ्या द्यायचा, म्हणून सगळं गाव त्याला डब्या म्हणायचं. त्या नावाला त्याची काही हरकत नव्हती.

लशीची पेटी उतरली त्या सकाळी डब्याने ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून जाहीर केलं, "पहिली मात्रा गिरणीच्या सायलीताईंना."

झालं! गावाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण सर्वांत जास्त चिडली ती सायलीताईंचीच मुलगी, अकरा वर्षांची कस्तुरी. ती तडक आरोग्य केंद्रात गेली.

"डब्या, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? आई धडधाकट आहे. दमा आजोबांना आहे! लस त्यांना द्यायची सोडून आईला कशाला?"

"आजोबा घराबाहेर शेवटचे कधी पडले?" डब्याने विचारलं.

"दिवाळीत."

"त्यांना भेटायला कोण येतं?"

"कोणी नाही. आईने सगळ्यांना बंदी केलीय. मी आणि आई, बास."

"तू कुठे जातेस?"

"कुठेच नाही. आज पहिल्यांदा आले, ते तुझ्याशी भांडायला."

"मग घुमरी आजोबांपर्यंत कोणत्या वाटेने पोचेल?"

कस्तुरीने मनातल्या मनात वाटा मोजल्या. वाट एकच होती. ती रोज संध्याकाळी पिठाने पांढरी होऊन घरी यायची.

डब्याने भिंतीवर एक चित्र पाडलं. दोन हजार ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. "हे गावाचं संपर्कजाळं (कोण कोणाला भेटतं ते दाखवणारं चित्र). एक ठिपका म्हणजे एक माणूस. दोन माणसं भेटत असतील तर मध्ये रेघ. विषाणू रेघेवरून चालतो. आता एकेक ठिपका पुसून बघ."

कस्तुरीने आधी सूरजराव थोरातांचा ठिपका पुसला, कारण गावात त्यांच्याहून मोठं कोणी नव्हतं. चार रेघा गेल्या. बाकी जाळं होतं तसंच राहिलं. मग तिने आईचा ठिपका पुसला. सगळ्या गावाचं दळण आईकडे, कारण गिरणी एकच आणि भाकरी कोणाची सुटत नाही. तो ठिपका गेला मात्र, जाळ्याचे तुकडे तुकडे झाले. एका तुकड्यातून दुसऱ्यात जायला रेघाच उरल्या नाहीत.

"लस घेतली की शरीरात प्रतिपिंडं (विषाणूला ओळखून धरून ठेवणारे बारीक पहारेकरी) तयार होतात," डब्या सांगू लागला. "मग विषाणूची वाट बहुतेक वेळा त्या माणसापाशीच संपते. मात्रा सगळ्यांपुरत्या असत्या तर प्रश्नच नव्हता. पण आहेत चाळीस. शिवाय ही लस म्हाताऱ्या शरीरात फार पहारेकरी उभे करू शकत नाही. म्हणून जिथे जास्तीत जास्त रेघा येऊन मिळतात तिथे ती आधी द्यायची. गिरणी, रेशनचं दुकान, दूध डेअरी, घरोघर फिरणाऱ्या आशाताई. त्यांच्या आडोशाने बाकीचे वाचतात. याला म्हणतात सामूहिक संरक्षण (काही जणांना लस दिल्याने इतरांनाही मिळणारा आडोसा)."

"म्हणजे आईला सुई टोचली की आजोबा वाचणार?"

"बरीच शक्यता आहे. खात्री मी कशाचीच देत नाही."

कस्तुरीला एवढी शक्यताही पुष्कळ वाटली. ती उड्या मारत घरी गेली.

संध्याकाळी भैरोबाच्या पटांगणात, उघड्यावर आणि लांब लांब बसून, ग्रामसभा भरली. आता भोरकडीची एक गंमत सांगतो. या गावाला कुठल्याही गोष्टीचा क्रम लावायचा झाला तर एकच रीत ठाऊक, जत्रेतला मान. पहिला नारळ थोरातांचा, मग पालखीला खांदा देणारी घरं, मग देवावर चवरी ढाळणारे, मग दिवटी धरणारे. लग्नात फेटे याच क्रमाने, नव्या पाण्याच्या टाकीचं पहिलं पाणीही याच क्रमाने. क्रम चुकला की डोकी फुटायची.

सूरजराव थोरात उठले. "भैरोबाचा पहिला नारळ कुणाचा? मग पहिली सुई बी त्याचीच. यात इचारायचं काय? ह्या डब्याला मान म्हंजे काय ते तरी ठावं हाय का?"

"विषाणूला मान कळत नाही, सूरजराव," डब्या म्हणाला.

"त्याला नसंल कळत, गावाला कळतो!"

टाळ्या पडल्या. कस्तुरीला राहवलं नाही. ती उभी राहिली. "एकादशीच्या आदल्या दिवशी गिरणीत भगर न् राजगिरा आधी दळतात. त्या दिवशी थोरातांची ज्वारीसुद्धा थांबते. का? कारण आधीचं पीठ दगडाला चिकटतं आणि पुढच्याच्या डब्यात जातं. तिथे कोण मोठा ते आपण बघत नाही, कशातलं काय कुठे जाईल ते बघतो. लशीचंही तसंच..."

"गिरणीवालीची पोर, गिरणीचंच गाणार!" सूरजराव म्हणाले आणि सभा खो खो हसली. आईने कस्तुरीचा हात ओढून तिला खाली बसवलं. हसणारे सगळे उद्या दळण घेऊन येणार होते, त्यांच्याशी वैर घेऊन तिचं चाललं नसतं.

डब्याने सल्ला द्यायचा, निर्णय मात्र ग्रामसभेचा, असा कायदा होता. दुसऱ्या दिवशी मानाच्या क्रमाने सुया सुरू झाल्या. चवरीचा मान असलेले अभिजितराव पुण्याला राहायचे. गेल्या कैक जत्रांना त्यांनी तोंड दाखवलं नव्हतं, पण आज कुठूनसा पास मिळवून मोटारीने हजर झाले. मान पिढीजात असतो म्हणून मुलालाही टोचून घेतलं. ज्यांना काहीच मान नव्हता ते केंद्राबाहेर ओरडत होते. "आम्ही काय माणसं न्हाई?" कोणीतरी दगड मारून काच फोडली. पण त्या ओरडणाऱ्यांतही गिरणीचं नाव कोणी घेत नव्हतं. जो तो स्वतःपुरतं ओरडत होता.

पेटी रिकामी झाली. आशाताई, डेअरीवाला, रेशनवाला, सायलीताई, सगळ्यांच्या तोंडाला पानं पुसली गेली.

जाताना अभिजितरावांना गावच्या ज्वारीचं ताजं पीठ हवं होतं. त्यांनी ड्रायव्हरला गिरणीवर पाठवलं. ड्रायव्हर खोकत होता. सायलीताईंनी त्याला दाराबाहेर उभं केलं, तोंडाला पदर बांधला आणि दळण टाकलं. चुलीचा धूर लागलाय, असं तो म्हणाला. पण मोटारीत चूल कुठली?

घुमरीचा एक वाईट गुण होता. ताप यायच्या दोन दिवस आधीपासूनच माणूस ती इतरांना देऊ लागायचा. त्यामुळे आईला कणकण जाणवली आणि तिने त्याच मिनिटाला शटर ओढलं, तरी व्हायचा तो उशीर झालाच होता. अर्ध्या गावाच्या घरी घुमरी पिठाच्या डब्याबरोबर चालत गेली होती. आणि सर्वांत आधी ती गेली सायलीताईंच्या स्वतःच्या घरी.

आजोबांनी आठवडाही काढला नाही. शेवटी शेवटी दोन खोल्यांच्या मधल्या दारातून ते आईला म्हणायचे, "सायले, तुझा काही दोष नाही गं." आई भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. कस्तुरी दोघांना पाणी नेऊन द्यायची. तिला स्वतःला ताप आला आणि गेला, पण आजोबा गेले ते गेलेच. त्यांना पोचवायला चार माणसंसुद्धा आली नाहीत.

गाव मात्र बोलायला मोकळं होतं. "गिरणीनं गाव बुडवलं." बंद शटरवर कोणीतरी कोळशाने 'घुमरीची गिरणी' असं लिहून ठेवलं. जिला लस द्यायची नाही असं ज्यांनी ठरवलं, तेच आता तिने आजार वाटला म्हणून बोटं मोडत होते! आई उठली, पण तिची छाती अधू झाली. पिठाच्या धुळीत ती पुन्हा कधी उभी राहू शकणार नव्हती. गिरणी कायमची बंद पडली. सूरजरावांनी लगोलग आपल्या गोठ्यात नवी गिरणी बसवली आणि पुतण्याला, अनिकेतला, तिथे उभं केलं. सगळं गाव तिकडे दळायला जाऊ लागलं.

कस्तुरीने सगळा राग डब्यावर काढला. "तुला सगळं आधी माहीत होतं. काय उपयोग झाला त्याचा?"

"माझी चूक झाली," डब्या म्हणाला. "भोंग्यावरून मी नुसतं नाव सांगितलं, कारण सांगितलं नाही. मला वाटलं, उत्तर बरोबर असलं की पुरतं."

"नाही पुरत," कस्तुरी म्हणाली.

पावसाळा सरल्यावर लशीची दुसरी पेटी आली. डब्याने नवं जाळं काढलं आणि कस्तुरीला बोलावून घेतलं. आईच्या ठिपक्याला आता दोनच रेघा होत्या. आणि मधोमध, सगळ्या रेघा जिथे येऊन मिळत होत्या, तिथे अनिकेत थोरातचा ठिपका होता. पहिल्या पेटीतली मात्रा त्याच्यापर्यंत पोचली नव्हती आणि घुमरीही त्याला झाली नव्हती.

"त्याला नाही!" कस्तुरी किंचाळली. "थोरातांना तर नाहीच नाही! आईला दे."

"आई आजारातून उठली आहे. तिच्या शरीरात सध्या तिचे स्वतःचे पहारेकरी आहेत."

"म्हणून त्यांच्या घरात पहिली सुई? माझे आजोबा गेले, डब्या!"

"तुझा राग बरोबर आहे," डब्या म्हणाला. "ठिपकाही बरोबर आहे."

कस्तुरी तिथेच जमिनीवर बसून रडली. मग तिने त्या ठिपक्याच्या रेघा एकेक करून पाहिल्या. एक तिच्या मैत्रिणीच्या आजीकडे जात होती. एक तान्ह्या बाळाच्या घरी जात होती. या घरांनी तिचं काय वाईट केलं होतं?

ग्रामसभेत ती उठली तेव्हा या वेळी कोणी हसलं नाही. हसणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरातलं कोणी ना कोणी गेलं होतं. "पहिली मात्रा थोरातांच्या अनिकेतदादाला द्या," ती म्हणाली.

सभा चकित झाली. आणि मग जे झालं त्याने कस्तुरीचं तोंड कडू झालं. माना भराभर डोलू लागल्या. "बरोबर हाय. थोरातांचाच मान पहिला. पोरीला अक्कल आली." सूरजराव मिशीतल्या मिशीत हसले. बरोबर निर्णय झाला होता आणि त्यामागचं कारण पुन्हा तेच सडकं होतं. लोक उठायला लागले.

"थांबा." मागून शीतलआजी बोलल्या. घुमरीत त्यांचे यजमान गेले होते. "पोरी, ह्यांच्या मानापायी तुझा आजा गेला, माझा माणूस गेला. आन् तूच ह्यांचं नाव घेतीस? का?"

"का म्हंजे? मान..." सूरजराव सुरू झाले.

"तुमास्नी न्हाई, पोरीला इचारलं."

कस्तुरी शीतलआजींकडे वळली.

"मी थोरातांना माफ केलेलं नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही सगळे अनिकेतदादाकडे दळायला जाता. तो रोज तुम्हा सगळ्यांना भेटतो. त्याला घुमरी झाली तर ती तुमच्या घरी येईल, तशीच, जशी माझ्या आईकडून आली. तो वाचावा म्हणून लस नाही. त्याच्यापाशी वाट बंद व्हावी म्हणून आहे. उद्या तो गिरणी सोडून घरी बसला, तर पहिली सुई त्याची नाही, मग तो थोरात असो नाहीतर आणखी कोणी."

सूरजरावांचं हसू मावळलं. उठलेले लोक हळूहळू परत खाली बसले. अनिकेत मान खाली घालून पुढे आला आणि डब्यासमोर बाही वर करून उभा राहिला. सुई टोचली तेव्हा तो कस्तुरीकडे बघू शकला नाही, आणि तिनेही त्याच्याकडे पाहिलं नाही.

शीतलआजींनी आपलं बसकर ओढून पुढे आणलं आणि कस्तुरीसमोर ठाण मांडलं.

"हं," त्या म्हणाल्या, "आता दुसरी कुणाला, आन् का, ते बी सांग."