मागाशी बोलणारा कॉम्प्युटर

"धरा! अहो, धरा ती गाडी!"

काइसा ओरडली तोवर दोरी तिच्या हातमोज्यातून निसटलीही होती. हॅन्कॉक गावचे रस्ते मुळातच उभे, त्यात फेब्रुवारीचा दगडासारखा झालेला बर्फ. छोटी लाल घसरगाडी, तिच्यावर गोधडीत गुंडाळलेलं गाठोडं... आणि उताराच्या टोकाला गोठलेला कालवा! समोरून चढ चढत येणाऱ्या एका उंच तरुणाने हातातली पिशवी टाकली, दोन ढांगांत रस्त्याच्या मधोमध आला आणि गाडीसमोर चक्क आडवा झाला. गाडी त्याच्या पोटावर आदळून थांबली.

काइसा धापा टाकत पोचली, तेव्हा तो बर्फात बसून गोधडीचं टोक हलकेच बाजूला करत होता. चेहरा पांढराफटक.

"बाळ... बाळ रडत का नाहीये?"

"बाळ नाहीये ते," काइसा म्हणाली. "कॉम्प्युटर आहे."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग गोधडीकडे. मग पुन्हा तिच्याकडे.

"आणि गोधडी?"

"थंडी किती आहे बघताय ना!"

तो हसला. पोट धरून, विव्हळत हसला — मार बराच लागला असावा. काइसालाही हसू फुटलं आणि मग, काही कळायच्या आत, डोळ्यांत पाणी आलं. अर्ध्या तासापूर्वी दुकानदाराने कॉम्प्युटर नीट न उघडताच सांगितलं होतं — "चौदा वर्षांचा डबा आहे बाई. फेकून द्या, नवा घ्या." तिने दोनदा समजावून पाहिलं. तिसऱ्यांदा तो गिऱ्हाइकांच्या रांगेतल्या पुढच्या माणसाशी बोलायला लागला होता.

"नवा का नाही घ्यायचा?" तरुणाने विचारलं. नुसतं विचारायचं म्हणून नाही. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"हा माझ्या मागाशी बोलतो," ती म्हणाली. "नव्याला ती भाषाच येत नाही."

त्याचं नाव डेन्झिल ट्रेव्हॅरो. पुलापलीकडच्या विद्यापीठात जुनी मोजमापाची यंत्रं सांभाळायचं त्याचं काम. "ज्यांना सगळे फेकून द्या म्हणतात, त्यांचा मी डॉक्टर," तो म्हणाला. "शनिवारी येऊन एकदा बघू का? फक्त बघेन. बदलायचा की दुरुस्त करायचा, ते तुम्ही ठरवा."

---

शनिवारी दुपारी तो आला. बर्फाने माखलेले बूट दारात काढले, पेस्ट्यांची — मांस-बटाटा भरलेल्या जाड करंज्यांची — पिशवी आत ठेवली... आणि कॉम्प्युटरऐवजी मागासमोर उभा राहिला.

अर्धी खोली व्यापणारा तो माग काइसाच्या एल्मामावशीचा. गुडघे थकल्यावर मावशी जवळच्या कॅल्युमेट गावातल्या वृद्धाश्रमात राहायला गेली आणि माग, कॉम्प्युटर, चारशेवर नक्ष्या सगळं भाचीच्या हवाली केलं. पायाखालचा पायटा दाबला की ताण्याचे, म्हणजे उभे, कुठले धागे उचलायचे ते कॉम्प्युटर सांगायचा आणि माग ते उचलायचा. सहा वर्षं काइसा त्यावर जगत होती. सध्या मागावर गावातल्या जुन्या नाट्यगृहाचा पडदा होता. मावशीने तरुणपणी विणलेला मूळ पडदा आगीत गेला होता. त्याच नक्षीचा हा नवा, एप्रिलच्या पहिल्या प्रयोगाला लागणार होता. अर्धा झाला होता आणि मग कॉम्प्युटर मधूनच बंद पडू लागला...

डेन्झिल पुढे वाकला. कापडावर हात ठेवायला निघाला, पण मधेच थांबला.

"लावू का हात?"

"लावा की. चावत नाही."

त्याने बोटांची टोकं फक्त टेकवली. राखाडीतून निळा, निळ्यातून हिरवट — पहाटेच्या सरोवरासारखे रंग एकमेकांत उतरत गेलेले. "हे तुम्ही केलंत?" तो हळूच म्हणाला. "मी एक पेस्टी खातो तेवढ्या वेळात किती होतं?"

"तुम्ही किती सावकाश खाता त्यावर आहे."

"आज फार सावकाश खाईन," तो म्हणाला. काइसाला उगाचच पायटा नीट करावासा वाटला.

त्याने कॉम्प्युटरचं झाकण काढलं आणि एकदम "वा!" म्हणाला. पंख्यात लोकरीची धूळ दाटून बसली होती, थरावर थर. त्याने चिमट्याने ती अख्खी वडी बाहेर काढली. वर निळं-राखाडी, त्याखाली लाल, मग पिवळं, तळाशी गडद हिरवं.

"हा पडदा," तो वरच्या थराकडे बोट करत म्हणाला. "हे लाल?"

"मागच्या नाताळचे गालिचे."

"आणि हे हिरवं?"

"ते मावशीचं... माझ्या आधीचं." काइसाने ती वडी तळहातावर घेतली. आजवर तिच्या कामाकडे कुणी कचऱ्यातूनही इतक्या कौतुकाने पाहिलं नव्हतं.

मग त्याने आधी स्वतःचा नवा कॉम्प्युटर, जोडणीची वायर लावून, मागाला जोडून पाहिला. "तुमचं म्हणणं खरं आहे हे मला माहीत आहे, पण माझी खात्री होऊ दे." काइसाने पायटा दाबला. मागाने भलतेच धागे उचलले. दुसऱ्यांदा काहीच उचललं नाही. डेन्झिलने नव्या कॉम्प्युटरकडे असं पाहिलं, जसं आई पाहुण्यांसमोर नाकात बोट घालणाऱ्या मुलाकडे पाहते.

"ठरलं तर," तो म्हणाला. "याला काढायचं नाही. जुनी डिस्क काढून नवी घालू, मेमरी वाढवू, नवा पंखा बसवू. इंटरनेट तोडून टाकू, याने फक्त मागाशी बोलायचं. पत्रं-बित्रं पाहायला दुसरा एखादा साधा घ्या. चालेल?"

"मला काय वाटतं ते विचारताय?"

"माग तुमचा आहे."

काइसाने क्षणभर विचार केला. दुकानदाराने हे विचारलंच नव्हतं. "चालेल," ती म्हणाली.

"मग पहिलं काम. नक्ष्यांची दुसरी प्रत कुठे आहे?"

काइसा पायट्याकडे बघू लागली.

"काइसा... प्रत आहे ना?"

"करणारच होते," ती पुटपुटली. "गेली सहा वर्षं करणारच होते."

डेन्झिलने कपाळावर हात मारला. डिस्क टिक्... टिक्... करत होती, आणि त्याला तो आवाज मुळीच आवडला नव्हता. "बाकी सगळं राहू दे. आधी फक्त नक्ष्या काढून घेऊ."

नक्ष्या एकेक करून त्याच्या छोट्या डिस्कवर उतरू लागल्या. दोघं जमिनीवर बसून पेस्ट्या खात कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा आकडा बघत राहिले. बाहेर बर्फ भुरभुरत होता.

"तुम्ही पेस्टीवर केचप घालता?" डेन्झिलने भुवया उंचावल्या. "आमच्या पणज्यांनी कॉर्नवॉलहून आणलेली गोष्ट आहे ही!"

"आणि आमच्या फिनिश पणज्यांनी ती खाण्यालायक केली."

"केचप घालून?"

"तुम्हाला नको असेल तर द्या इकडे."

तो देणार एवढ्यात डिस्कमधून करकर आवाज आला. आकडा थांबला. चारशे बारापैकी तीनशे नव्व्याण्णव.

"डेन्झिल!" काइसाने त्याचा दंड घट्ट धरला. "पडद्याची नक्षी शेवटी आहे! तू... काहीतरी कर ना!"

त्याने घाई केली नाही. कॉम्प्युटर बंद केला, डिस्क काढली, तळहातावर आडवी धरली आणि निवू दिली. वीस मिनिटं तो तशीच धरून बसला होता, एखाद्या जखमी पाखराला धरावं तसा. काइसा त्याच्या हातांकडे बघत होती. ते हात जराही हलत नव्हते. असे हात मागावर किती शोभतील, असं तिच्या मनात आलं आणि ती स्वतःशीच लाजली.

डिस्क पुन्हा लागली. चारशे... चारशे पाच... चारशे बारा. आणि लगेच, जणू एवढ्यासाठीच थांबली होती, डिस्क कायमची गप्प झाली.

काइसाने धरलेला श्वास सोडला. मग तिच्या लक्षात आलं. "पण मागाचा प्रोग्रॅम? तो तर तिच्यातच होता!"

"त्याची मूळ चकती असेल ना कुठेतरी?"

काइसाने मावशीला फोन लावला आणि घाईत स्पीकरही सुरू झाला.

"चकती? बाकात आहे," एल्मामावशी म्हणाली.

"कुठल्या बाकात?"

"ज्यावर रोज बसतेस त्या! झाकण उघडतं त्याचं, बाई. सहा वर्षं बसलीस आणि एकदाही उचलून पाहिलं नाहीस?" मग आवाज बदलला. "आणि आत्ता मागे हसला तो कोण?"

"डेन्झिल ट्रेव्हॅरो, मावशी," डेन्झिलनेच उत्तर दिलं.

"ट्रेव्हॅरो! खाणीतल्या कॅप्टनांच्या घरातला? तुझ्या पणजोबांनी आमच्या माणसांना जमिनीखाली फार राबवलं, ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे," तो नम्रपणे म्हणाला. "म्हणून सकाळपासून तुमच्या भाचीकडे राबतोय."

"दुपारी आलाय तो," काइसा म्हणाली.

"म्हणजे आत्तापासूनच वाढवून सांगतो. दिसायला कसा आहे गं?"

"मावशी! ऐकतोय तो!"

"ऐकू दे. मी त्याला विचारलं नाही, तुला विचारलं."

काइसाने फोन बंद केला. तिचे कान तापले होते. डेन्झिल बाकाच्या झाकणात नको इतका वेळ डोकं घालून बसला होता, आणि त्याची पाठ हसण्याने हलत होती.

---

पुढच्या शनिवारी तो नवी डिस्क, मेमरी आणि पंखा घेऊन आला. त्याच्या पुढच्या शनिवारी प्रोग्रॅम बसवला. एकदा पंख्यासमोर लावायला त्याने बारीक जाळी शिवून आणली, टाके वेडेवाकडे. काइसाने ते उसवले नाहीत. आणि मार्चच्या तिसऱ्या शनिवारी काइसा बाकावर बसली, पायटा दाबला आणि — खट्! — माग बोलला. अगदी बरोबर धागे उचलले गेले. तिने आडव्या धाग्याचा धोटा फेकला. खट्. पुन्हा फेकला. खट्, खट्, खट्. पहाटेच्या पाण्यावर पहिला सोनेरी धागा चढला.

ती वळली. डेन्झिल भिंतीला टेकून उभा होता. पण तो कॉम्प्युटरकडे बघत नव्हता, मागाकडेही नाही.

"झालं," तो म्हणाला.

"झालं," ती म्हणाली.

मग आवराआवर सुरू झाली. त्याने एकेक पाना पुसून पेटीत ठेवला. पुसलेला पुन्हा पुसला. कोट अंगात घातला. दारापर्यंत गेला.

"काइसा, एक खरं सांगायचं राहिलं."

"काय?"

"हा कायमचा नाही टिकणार. मी जेवढं करता येतं तेवढं केलं, पण... फार तर चार वर्षं. मग याच्या जागी दुसरा शोधावा लागेल, त्याला मागाची भाषा शिकवावी लागेल." त्याने टोपी हातात फिरवली. "आठवडाभर मी विचार करतोय की आता काय बिघडेल म्हणजे मला यायला मिळेल. आणि मीच इतकं नीट केलंय की इतक्यात काही बिघडणारच नाही."

काइसा हसू दाबत राहिली.

"चार वर्षांनी तो बदलायची वेळ येईल," तो हळू आवाजात म्हणाला, "तेव्हा मी इथे असावं, असं मला फार वाटतं. दुरुस्तीला बोलावलेला म्हणून नाही... इथलाच."

मागावरचा ताणा स्तब्ध होता. काइसा उठली, त्याच्यासमोर आली आणि त्याच्या कोटाचं वरचं बटण काढलं.

"आणि मधली चार वर्षं?" तिने विचारलं. "त्यांचं काय करायचं?"

"मध्ये शनिवार आहेत."

"किती?"

"दोनशे आठ," तो म्हणाला. क्षणभरही न थांबता.

काइसाने त्याच्याकडे पाहिलं. माणूस हे घरूनच मोजून आला होता! तिने दुसरं बटण काढलं, कोट त्याच्या खांद्यांवरून उतरवला आणि दारामागच्या खुंटीवर, आपल्या कोटाशेजारी, अडकवला.

"शनिवारच का रे फक्त?" ती म्हणाली.