दहापर्यंत मोजताना

समुपदेशन केंद्रात दाराला कान लावून उभा असलेला माणूस म्हणजे रंगेहाथ सापडलेला चोरच. पाण्याची बाटली भरून परतलेल्या समुपदेशक बाईंच्या भुवया वर गेल्या.

"काय ऐकताय?"

"खिडकीतून येणारे रस्त्यावरचे हॉर्न," तो न दचकता म्हणाला. कानामागे पेन्सिल, हातात टेप. "ते बाहेर येतायत म्हणजे माणसांचं बोलणंही येत असणार. मी सुतार. तुमच्या ऑफिसनंच बोलावलंय."

दाराबद्दलची तक्रार खरी होती. आतलं रडणं बाहेरच्या बाकावर ऐकू जायचं, आणि तिच्या कामाचा पहिला नियमच होता की खोलीतलं खोलीतच राहायला हवं.

"आत जाऊन काहीतरी बोला. मी इथून ऐकतो."

"काय बोलू?"

"गुपित नको... दहापर्यंत मोजा."

तिनं मोजलं. दार उघडलं तर हा हसतोय.

"सातावर अडखळलात."

"सातला कुणीतरी फटीतून डोकावत होतं."

पुढच्या आठवड्यात रबरी पट्टी, त्याच्या पुढच्या आठवड्यात दाराखालची फट. एवढ्याशा दाराला इतक्या फेऱ्या कशाला, हे दिवसभर लोकांना प्रश्न विचारणाऱ्या बाईनं काही विचारलं नाही. उलट तो यायचा त्या दिवशी ती जरा लवकरच यायची. तो तिला आवडला होता, सरळ सांगायचं तर.

"दार झालं की कॉफीला याल?"

"आधी दार होऊ द्या," ती म्हणाली. पण तिचा होकार त्यानं बरोबर ओळखला.

आणि मग दोन महिने तिच्यासमोर नुसती जमिनीकडे बघत बसणारी एक बाई एका गुरुवारी बोलायला लागली. घराबद्दल, झोप उडवणाऱ्या भीतीबद्दल... आणि जाता जाता धाकट्या भावाबद्दल. "कानामागची पेन्सिल न काढता जेवायला बसतो. हल्ली शीळ घालत फिरतो. कुणा बाईला म्हणे दहापर्यंत मोजायला लावलं! मी इथे येते हे त्याला ठाऊक नाही. कळू देऊ नका हं."

"नाही कळणार," ती म्हणाली. आवाज तेवढा जागेवर ठेवला.

समोर येऊन बसणाऱ्या बाईच्या भावाशी जवळीक तिच्या कामात चालणारी नव्हती. संध्याकाळी ती आपल्या वरिष्ठ बाईंकडे गेली. अशा पेचाच्या वेळी त्यांच्याकडे जायचं, ही तिथली रीतच होती.

"तिला दुसऱ्या कुणाकडे पाठवता येईल," बाई म्हणाल्या.

"आत्ता कुठे तोंड उघडलंय तिनं. माझ्या सोयीसाठी हलवू?"

"मग उत्तर तुझ्याजवळच आहे. इथे कशाला आलीस?"

"दुसरं काही निघतंय का पाहायला."

बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काही निघालं नाही.

शेवटच्या फेरीला तिनं सांगून टाकलं. "कॉफीचं जमणार नाही."

"आज?"

"कधीच."

त्यानं हातातला स्क्रू डब्यात टाकला. "माझं काही चुकलं?"

"तुमचं काहीच चुकलं नाही."

"मग कारण?"

"ते माझं —" ती थांबली. एवढंही जास्त झालं असतं. "सांगता येणार नाही."

तो डब्याचं झाकण लावू लागला. रागावला नाही, हेच तिला जास्त लागलं.

"बरं," तो म्हणाला. "शेवटचं एकदा तपासू. जा आत."

दार बंद झालं. ती एकपर्यंतही पोचली नाही. "मला तुम्ही फार आवडता," ती त्या लाकडाला म्हणाली. "तुमची ती शीळ मला ऐकायची होती. तुमच्याबरोबर कॉफी प्यायची होती, गार होईपर्यंत गप्पा मारत..." बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. ते पुसून तिनं दार उघडलं.

"काहीच ऐकू आलं नाही," तो म्हणाला. "दार पक्कं झालं."

काम इतकं चोख झाल्याचा राग तिला आयुष्यात पहिल्यांदाच आला.

त्यानं पेटी उचलली, जिन्यापर्यंत गेला आणि वळला.

"पण मॅडम... दहापर्यंत मोजायला तुम्हाला एवढा वेळ लागत नाही."

"आज लागला," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली, आणि कारण न विचारता तो जिना उतरून गेला.